घड्याळाविरुद्धची शर्यत : महिलांची सायकल टाइम ट्रायल

वाराणसी शहरापासून सारनाथ सुमारे दहा किलोमीटर अंतरावर आहे. भाविक, पर्यटक आणि विद्यार्थी यांची सतत ये-जा असलेल्या या रस्त्याने साध्या सायकलवरून जाण्यास पाऊण तास सहज लागतो. हाच रस्ता सपाट, मोकळा आणि वाहनविरहित मिळाला, तर जागतिक दर्जाची महिला सायकलपटू हे अंतर साडेतेरा मिनिटांच्या आसपास कापू शकेल. आणि तेथे न थांबता त्याच वेगाने आणखी दोन वेळा तेवढेच अंतर पुढे जाईल. या काळात तिच्यापुढे वारा अडविणारी सहकारी नसते, मागून ढकलणारा जमाव नसतो आणि प्रतिस्पर्धी बहुधा दृष्टीसही पडत नाही. तिची स्पर्धा केवळ घड्याळाशी असते. रस्त्यावरील सायकल शर्यतीच्या या प्रकारास वैयक्तिक टाइम ट्रायल असे म्हणतात.

या प्रकाराची महिलांची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा उत्तर प्रदेशच्या भूमीवर झालेली आहे, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. दिल्ली येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत १३ ऑक्टोबर २०१० रोजी नोएडा-ग्रेटर नोएडा द्रुतगती मार्गावर महिलांची २९ किलोमीटरची टाइम ट्रायल घेण्यात आली. कॅनडाच्या तारा व्हिटनने सुमारे ३९ मिनिटांत अंतर पूर्ण करून सुवर्णपदक मिळविले. न्यूझीलंडची लिंडा व्हिल्युमसन दुसरी आणि इंग्लंडची ज्युलिया शॉ तिसरी आली. पहिल्या तिघींमधील एकूण अंतर जेमतेम दहा सेकंदांचे होते. व्हिटनचा सरासरी वेग ताशी ४४ किलोमीटरहून अधिक भरतो. एरवी मोटारींसाठी राखलेल्या या सहापदरी रस्त्यावर त्या दिवशी वेगाची मोजदाद सायकलींची झाली. सायकल शर्यतीत भारताला मात्र त्या स्पर्धेत एकही पदक मिळाले नाही.

शर्यतीचे स्वरूप

सायकल शर्यतींचे रस्त्यावरील आणि ट्रॅकवरील असे दोन ठळक वर्ग आहेत. ट्रॅकवरील शर्यती व्हेलोड्रोम नावाच्या, कडेने उंच होत जाणाऱ्या लंबवर्तुळाकार धावपट्टीवर होतात. तेथेही टाइम ट्रायल या नावाची शर्यत असते; परंतु ती अगदी अल्प अंतराची, मिनिटा-दीड मिनिटात संपणारी असते. स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांनी या दोहोंत गल्लत करू नये. प्रस्तुत लेखाचा विषय रस्त्यावरील टाइम ट्रायल हा आहे.

रस्त्यावरील शर्यतीचेही पुन्हा दोन प्रमुख प्रकार पडतात. पहिल्यात सर्व स्पर्धक एकाच वेळी निघतात आणि जो प्रथम अंतिम रेषा ओलांडतो तो विजयी ठरतो. यात संघाचे डावपेच असतात, कारण दुसऱ्याच्या मागे राहून सायकल चालविणाऱ्यास वाऱ्यापासून मोठे संरक्षण मिळते. टाइम ट्रायलमध्ये स्पर्धक एकामागोमाग एक, साधारणतः एक ते दीड मिनिटाच्या अंतराने सोडले जातात. उतरत्या फळीच्या व्यासपीठावर सायकलपटू बसते, मागून एक पंच खोगीर धरून ठेवतो, उलटी गणती पूर्ण होताच तो हात काढतो आणि तिची वेळ सुरू होते. सर्वांत बलवान मानल्या जाणाऱ्या स्पर्धक शेवटी निघतात. वेळेची नोंद सेकंदाच्या शतांश भागापर्यंत केली जाते.

मागून निघालेली स्पर्धक पुढच्या स्पर्धकास गाठू शकते, आणि नियमांची खरी कसोटी येथे लागते. कोणीही दुसऱ्याच्या आडोशाचा फायदा घेऊ नये यासाठी, ओलांडून जाताना दोघींमध्ये बाजूने किमान दोन मीटरचे अंतर ठेवावे लागते, आणि गाठली गेलेली स्पर्धक पुढे मागे राहिली तर तिला किमान २५ मीटर अंतर राखावे लागते. हे नियम आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाचे म्हणजे यूसीआयचे आहेत. १४ एप्रिल १९०० रोजी पॅरिस येथे स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय सध्या स्वित्झर्लंडमधील एग्ल या गावी आहे. सायकलीचे वजन ६.८ किलोग्रॅमपेक्षा कमी असू नये, हाही याच संस्थेचा दंडक होय.

वाऱ्याचे गणित

टाइम ट्रायलला काही वेळा सत्याची शर्यत असे म्हटले जाते. त्यामागे भावना असली तरी भौतिकशास्त्रही आहे. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेगाने जाताना सायकलपटूच्या शक्तीचा फार मोठा भाग, ऐंशी टक्के किंवा त्याहूनही अधिक, केवळ हवा बाजूस सारण्यात खर्च होतो. टायरचे घर्षण, साखळीतील घर्षण हे सर्व उरलेल्या थोड्या भागात येते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ असा की ताशी ४० वरून ४४ किलोमीटरपर्यंत, म्हणजे अवघा दहा टक्के वेग वाढवायचा असल्यास, हवेसाठी लागणारी शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढवावी लागते. एवढी शक्ती पायांत आणणे हे अनेक वर्षांच्या सरावाचे काम आहे. याउलट हवेला तोंड देणारे शरीराचे क्षेत्रफळ कमी केले, तर तीच वेगवृद्धी त्याच पायांनी काही अंशी साधता येते.

हवेच्या एकूण अवरोधापैकी सुमारे तीन चतुर्थांश अवरोध सायकलीचा नसून चालविणाऱ्याच्या शरीराचा असतो. म्हणूनच टाइम ट्रायलच्या सायकलीवर स्पर्धक इतक्या विचित्र वाटणाऱ्या स्थितीत बसते : कोपरे जवळ घेतलेली, हात पुढे ताणलेले, पाठ जमिनीस समांतर, मस्तक खांद्यांमध्ये दडविलेले. पुढे आलेल्या दोन दांड्यांच्या हँडलमुळे ही स्थिती शक्य होते. १९८९ मध्ये ‘टूर द फ्रान्स’च्या शेवटच्या दिवशी, व्हर्साय ते पॅरिस या २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये अमेरिकेच्या ग्रेग लेमाँने असे हँडल वापरले आणि तीन आठवड्यांची शर्यत लॉराँ फिन्याँ याच्यावर अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. त्यानंतर या उपकरणाची उपयुक्तता कोणास पटवून द्यावी लागली नाही. मागील चाक आऱ्यांऐवजी संपूर्ण चकतीचे, मागे निमुळते होणारे शिरस्त्राण, अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख ही सर्व त्याच विचाराची पुढची पावले होत.

हवेची घनताही महत्त्वाची असते. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर हवा सुमारे १३ ते १४ टक्क्यांनी विरळ असते. विरळ हवेत अवरोध घटतो, पण फुप्फुसांना प्राणवायूही कमी मिळतो. तापमानाचा परिणामही असाच दुधारी आहे. वाराणसीत जानेवारीच्या पहाटे तापमान १० अंशांच्या आसपास असते आणि मे महिन्यातील दुपारी ते ४० अंशांपलीकडे जाते. केवळ हवेच्या घनतेचा विचार केला, तर मे महिन्यातील हवा सुमारे दहा टक्क्यांनी हलकी, म्हणजे सायकलपटूला अनुकूल. परंतु त्या उन्हात चाळीस मिनिटे पूर्ण जोर लावणे शरीरास झेपणारे नाही. गंगेच्या मैदानात चढउतार नाहीत हा लाभ आहे. दख्खनच्या पठारावरील घाटांचा प्रश्न तेथे नाही. मात्र सपाट प्रदेशात वाऱ्याला आडकाठीही नसते.

वाऱ्याचे एक उदाहरण अंकगणिताच्या विद्यार्थ्यांना परिचयाचे वाटेल. समजा, ३० किलोमीटरचा मार्ग पंधरा किलोमीटर जाऊन परत येण्याचा आहे. जाताना वारा पाठीशी असल्याने वेग ताशी ५० किलोमीटर राहिला आणि परतताना वारा समोर आल्याने तो ३५ वर घसरला. सरासरी ४२.५ असे चटकन वाटते, पण ते चूक आहे. जाण्यास १८ मिनिटे आणि येण्यास सुमारे २५ मिनिटे ४३ सेकंद लागतात; सरासरी वेग ४१.२ भरतो. स्थिर ४२.५ च्या वेगाने तेच अंतर सुमारे १ मिनिट २२ सेकंद आधी संपले असते. संथ भागात अधिक वेळ जातो, म्हणून हानीही तेथेच होते. अनुभवी सायकलपटू यावरून एक व्यावहारिक नियम काढतात : वारा समोर असताना किंवा चढ असताना थोडा अधिक जोर लावावा, वारा पाठीशी असताना थोडा राखून ठेवावा. नवखी स्पर्धक नेमके उलट करते. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये उत्साहाने शक्ती उधळते आणि परतीच्या वाटेवर थकून जाते.

पहाटेच्या गुप्त शर्यती

टाइम ट्रायलचा जन्म इंग्लंडमध्ये एका अडचणीतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील रस्त्यांवर सामूहिक सायकल शर्यतींमुळे घोडागाड्यांची तारांबळ उडू लागली, पोलिसांकडे तक्रारी गेल्या आणि सायकल संघटनेनेच उघड्या रस्त्यांवरील शर्यतींना मनाई केली. यावर एफ. टी. बिडलेक या संघटकाने १८९५ मध्ये तोड काढली. स्पर्धकांना एकेकटे सोडावयाचे. मग पाहणाऱ्याला शर्यत चालू आहे हे कळणारच नाही. शर्यती पहाटे होत, स्पर्धक गडद रंगाचे अंगभर कपडे घालीत आणि मार्गांची नावे सांकेतिक अक्षरांत लिहिली जात. एका बंदीस दिलेली ही बगल पुढे जगभर एक स्वतंत्र क्रीडाप्रकार म्हणून मान्यता पावली.

या इंग्रजी परंपरेतच महिला सायकलिंगच्या इतिहासातील एक विलक्षण प्रसंग घडला. यॉर्कशायरची बेरिल बर्टन ही व्यावसायिक खेळाडू नव्हती. ती रूबार्बच्या शेतावर मजुरी करीत असे. सप्टेंबर १९६७ मध्ये ती १२ तासांच्या टाइम ट्रायलमध्ये उतरली. बारा तासांत जास्तीत जास्त किती अंतर कापता येते, एवढाच या शर्यतीचा निकष. पुरुष आधी निघाले होते. बर्टनने त्यांना एकामागून एक गाठले आणि अखेरीस आघाडीवर असलेला माइक मॅकनमारा तेवढा पुढे राहिला. तो स्वतः त्या दिवशी पुरुषांचा नवा राष्ट्रीय विक्रम करण्याच्या मार्गावर होता. त्यालाही ओलांडताना बर्टनने खिशातील गोळी काढून त्याच्या हाती दिली आणि त्याने ती घेतली, अशी हकिगत नोंदलेली आहे. बारा तास पूर्ण झाले तेव्हा तिने २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ किलोमीटरहून अधिक अंतर कापले होते. मॅकनमाराचे अंतर तिच्यापेक्षा एक मैलाहून थोडे कमी भरले. पुढील दोन वर्षे महिलेचा विक्रम पुरुषांच्या विक्रमापेक्षा वरचढ राहिला. महिलांच्या गटात तर तो थेट २०१७ पर्यंत अबाधित होता.

बर्टन दोनदा रस्त्यावरील सामूहिक शर्यतीची आणि पाच वेळा ट्रॅकवरील पाठलाग शर्यतीची जगज्जेती झाली. ज्या प्रकारात ती सर्वश्रेष्ठ होती, त्या टाइम ट्रायलचे जागतिक विजेतेपद मात्र तिला कधीच मिळाले नाही. कारण अशी स्पर्धाच अस्तित्वात नव्हती. महिलांची सामूहिक जागतिक शर्यत १९५८ मध्ये सुरू झाली होती आणि १९८७ पासून काही वर्षे सांघिक टाइम ट्रायलही घेतली गेली, परंतु वैयक्तिक टाइम ट्रायलचे जागतिक अजिंक्यपद सुरू होण्यास १९९४ साल उजाडावे लागले. बर्टनचा मृत्यू १९९६ मध्ये झाला.

समान प्रारंभ, असमान अंतर

१९९४ मध्ये सिसिली येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची कॅरन कुरेक महिलांची पहिली विजेती ठरली. त्याच वर्षी पुरुषांचीही पहिली वैयक्तिक टाइम ट्रायल झाली आणि ती ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने जिंकली. ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. बहुतेक खेळांत महिलांना पुरुषांनंतर कित्येक दशकांनी प्रवेश मिळाला. खुद्द ऑलिंपिकमध्ये पहिल्या, म्हणजे १८९६ च्या स्पर्धेतही पुरुषांची रस्त्यावरील सायकल शर्यत होती. महिलांची शर्यत १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे प्रथम झाली. वैयक्तिक टाइम ट्रायल आधुनिक स्वरूपात ऑलिंपिकमध्ये १९९६ साली अटलांटा येथे आली, ती मात्र महिला आणि पुरुष दोघांसाठी एकदमच. रशियाची झुल्फिया झाबिरोवा त्या वर्षी विजयी झाली.

फ्रान्सच्या जाँनी लोंगो हिने १९९५, १९९६, १९९७ आणि २००१ असे चार वेळा जागतिक विजेतेपद मिळविले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये वयाच्या ४९ व्या वर्षी तिचे कांस्यपदक दोन सेकंदांहूनही कमी फरकाने हुकले. नेदरलँड्सच्या लिओंटिन व्हान मूर्सेलने २००० व २००४ चे ऑलिंपिक जिंकले. त्यापुढील तीन ऑलिंपिक सुवर्णपदके, म्हणजे २००८, २०१२ व २०१६ ची, अमेरिकेच्या क्रिस्टिन आर्मस्ट्राँगकडे गेली. रिओ येथील तिसरे सुवर्ण तिने आपल्या ४३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मिळविले. आडनावावरून होणारा गैरसमज दूर करावयास हवा : लान्स आर्मस्ट्राँगशी तिचे नाते नाही. दिल्लीत दुसरी आलेली व्हिल्युमसन पुढे २०१५ मध्ये जगज्जेती झाली. या यादीत तिशी-चाळिशीतील महिला वारंवार दिसतात, हा योगायोग नव्हे. क्षणिक वेगापेक्षा दीर्घकाळ टिकणारी शक्ती आणि गती राखण्याची समज येथे निर्णायक ठरते, आणि ती वयाबरोबर परिपक्व होते. करिअर आणि मातृत्व यांच्यामध्ये खेळ सोडावा लागणाऱ्या महिलांच्या दृष्टीने या वैशिष्ट्याचा विचार अधिक व्हावयास हवा. आर्मस्ट्राँगने दुसरे आणि तिसरे सुवर्णपदक आई झाल्यानंतर मिळविले.

प्रारंभ समान असला, तरी अंतर समान नव्हते. महिलांना बराच काळ २० ते ३० किलोमीटरच्या मर्यादेत ठेवण्यात आले, तर पुरुषांची शर्यत ४० ते ५० किलोमीटरची असे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांना २२.१ किलोमीटरची एक फेरी, तर पुरुषांना तशाच दोन फेऱ्या होत्या. यामागे शारीरिक क्षमतेचे कारण पुढे केले जाई. बर्टनच्या बारा तासांनंतर ते कसे टिकले, हे नवलच म्हणावे लागेल. २०२२ च्या ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग येथील जागतिक स्पर्धेत दोन्ही गटांना ३४.२ किलोमीटरचा एकच मार्ग देण्यात आला आणि नेदरलँड्सच्या एलन व्हान डाइकने तेथे आपले तिसरे जागतिक विजेतेपद पटकावले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही महिला व पुरुष दोघांनी ३२.४ किलोमीटरचे अंतर कापले. पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर अनेकजणी घसरल्या, परंतु ऑस्ट्रेलियाची ग्रेस ब्राउन दीड मिनिटाहून अधिक फरकाने जिंकली. एरवी सेकंदांवर निकाल लागणाऱ्या शर्यतीत हा फरक प्रचंड होय. मात्र समानतेची ही वाटचाल सरळ रेषेत झालेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये रवांडाची राजधानी किगाली येथे, आफ्रिका खंडात प्रथमच झालेल्या रस्त्यावरील जागतिक स्पर्धेत महिलांना ३१.२ आणि पुरुषांना ४०.६ किलोमीटर अशी वेगळी अंतरे होती. तेथे विजयी झालेली स्वित्झर्लंडची मार्लेन रॉइसर शिक्षणाने वैद्यकीय डॉक्टर आहे.

भारतातील स्थिती

सायकल उत्पादनात भारत चीनखालोखाल जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे, परंतु १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर पॅरिसपर्यंत एकही भारतीय सायकलपटू ऑलिंपिकमध्ये उतरू शकला नाही. भारतीय महिला सायकलपटू तर कधीच नाही. उत्पादन आणि क्रीडाकौशल्य यांतील ही दरी केवळ गुणवत्तेच्या अभावाने स्पष्ट होत नाही. दक्षिण आशियाई पातळीवर भारतीय महिलांनी आपली क्षमता दाखविली आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत मणिपूरच्या तौरांगबाम बिद्यालक्ष्मी हिने महिलांच्या ३० किलोमीटर टाइम ट्रायलमध्ये सुवर्णपदक मिळविले. महाराष्ट्रातून कोल्हापूर जिल्ह्यातील पूजा दानोळे, संगमनेरची प्रणिता सोमण यांसारख्या मुलींनी राष्ट्रीय स्तरावर नाव कमावले आहे.

खरी अडचण रस्त्याची आहे. ट्रॅक सायकलिंगसाठी दिल्लीत इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील व्हेलोड्रोम २०१० च्या निमित्ताने उभा राहिला. तेथे राष्ट्रीय प्रशिक्षण शिबिरे भरू लागली आणि जून २०२२ मध्ये आशियाई ट्रॅक स्पर्धाही झाली. वास्तू एकदा उभी राहिली की तिच्याभोवती प्रशिक्षक, वसतिगृह, अंदाजपत्रक अशी व्यवस्था आपोआप जमते. टाइम ट्रायलला वास्तू लागत नाही. लागतो तो वीस-तीस किलोमीटरचा खड्डेविरहित, काही तासांसाठी बंद केलेला रस्ता. तो बांधलेला असतोच, पण मिळत नाही. त्यासाठी पोलीस, महामार्ग यंत्रणा, जिल्हा प्रशासन आणि आरोग्य सेवा यांचा समन्वय साधावा लागतो, आणि तोही पुनःपुन्हा. स्पर्धेच्या एका दिवसासाठी ही परवानगी मिळते. दैनंदिन सरावासाठी नाही. परिणामी सायकलपटू पहाटे, वाहतूक सुरू होण्यापूर्वी, महामार्गाच्या कडेने सराव करतात. मस्तक खाली घालून चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या मुलीस मागून येणाऱ्या मालमोटारीची जाणीव उशिरा होते. पालक मुलींना या खेळात पाठविण्यास कचरतात ते या धोक्यापोटी, आणि अंधारात एकटीने रस्त्यावर असण्याच्या काळजीपोटीही.

दुसरा प्रश्न साधनांचा. टाइम ट्रायलची स्वतंत्र सायकल, चकतीचे चाक, शिरस्त्राण हे सर्व बहुतांशी आयात करावे लागते आणि त्याची किंमत काही लाख रुपयांच्या घरात जाते. धावण्यासाठी बुटांची जोडी पुरते. येथे उपकरणाअभावी गमावलेली मिनिटे कितीही सरावाने भरून निघत नाहीत, हे वर दिलेल्या गणितावरून स्पष्ट व्हावे. लुधियानासारखे सायकल उद्योगाचे केंद्र हाताशी असताना या उच्चतंत्र भागांचे देशी उत्पादन अद्याप मर्यादित राहिले आहे.

पाया मात्र रुंदावत आहे, आणि तो क्रीडा विभागाने घातलेला नाही. वाराणसीच्या शेजारी असलेल्या बिहारमध्ये २००६ साली नववीतील मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून या योजनेचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेतील मुलींची योग्य वयातील पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलामुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटली, असा त्यांचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा तीन किलोमीटर किंवा अधिक दूर असलेल्या गावांत परिणाम विशेष जाणवला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमांतर्गत १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना सायकली दिल्या जातात. एका पिढीपूर्वी ज्या गावांत मुलीने सायकलवर बसणे हाच चर्चेचा विषय होता, तेथे आता मुलींच्या रांगा सायकलवरून शाळेत जातात. यांपैकी कोणाच्या पायांत चाळीसचा वेग आहे, हे मोजणारी यंत्रणा नाही. खेलो इंडियाच्या युवा स्पर्धांत सायकलिंगचा समावेश झाल्याने आणि महिलांसाठीच्या ‘अस्मिता’ लीगमुळे निवडीची एक वाट उघडली आहे. तथापि शाळेच्या दारातील सायकलपासून त्या निवडीपर्यंतचा टप्पा बहुतेक मुलींसाठी तुटलेलाच आहे. वास्तविक टाइम ट्रायल हा निवडीसाठी सर्वांत स्वस्त प्रकार आहे. पाच किलोमीटरचा सरळ रस्ता, एक घड्याळ आणि एक शिक्षक एवढ्या सामग्रीत तालुक्यातील सर्व मुलींच्या वेळा एका सकाळी घेता येतील. कोणाला कोणाविरुद्ध धावावे लागत नाही, म्हणून अपघाताचा संभवही कमी.

रस्त्यावरील स्पर्धांना नव्याने चालना मिळण्याची चिन्हे आहेत. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही यूसीआयची मान्यता असलेली बहुदिवसीय शर्यत झाली. सुमारे ४३७ किलोमीटरच्या या शर्यतीची सुरुवात शहरातील अल्प अंतराच्या टाइम ट्रायलने, ज्यास प्रोलॉग म्हणतात, झाली. त्यासाठी जिल्ह्यातील अनेक रस्ते दुरुस्त करण्यात आले आणि स्पर्धेच्या वेळी ते वाहतुकीस बंद ठेवले गेले. म्हणजे प्रशासनाने मनावर घेतल्यास रस्ता मिळू शकतो. ही शर्यत मात्र केवळ पुरुषांसाठी होती.

राष्ट्रकुल स्पर्धेपुरते पाहावयाचे, तर २०२६ च्या ग्लासगो येथील संक्षिप्त कार्यक्रमपत्रिकेत सायकलिंग फक्त ट्रॅकपुरते ठेवण्यात आले; रस्त्यावरील शर्यती आणि त्यांसोबत महिलांची टाइम ट्रायल वगळली गेली. २०३० ची शताब्दी राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. त्या वेळी टाइम ट्रायल पुन्हा घेण्यात आली, तर नोएडाच्या रस्त्यावर व्हिटनने नोंदविलेल्या वेळेला तोपर्यंत वीस वर्षे झालेली असतील, आणि त्या वर्षी शाळेतून मिळालेल्या सायकलवर प्रथम बसलेली मुलगी तेव्हा तिशीच्या आसपास, म्हणजे या शर्यतीच्या नेमक्या वयात असेल.